खरवसातला वासराचा वाटा

चैत्रात आपल्या शाळेत चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते, हे आपणा सर्वांना ठाऊकच आहे. कैरीची वाटली डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी असा सगळा थाट असतो. या वेळी एका पालक भगिनीने मोठा डबा भरून खरवस आणला होता. मऊ, गोड, वरून वेलची-जायफळ. मुलींनी पाच मिनिटांत डबा रिकामा केला. मीही एक वडी घेतली आणि विचारले, "चीक कुठे मिळाला हो?" त्या हसून म्हणाल्या, "मॅडम, चीक आता कुठला? डब्यातले घट्ट दूध, दही आणि साधे दूध एकत्र करून वाफवले आहे."

सातवीतली एक मुलगी शेजारीच उभी होती. तिने विचारले, "मॅडम, चीक म्हणजे काय?" मी सांगितले, गाय किंवा म्हैस व्याली की पहिले काही दिवस जे दाट, पिवळसर दूध येते, तो चीक. खरा खरवस त्याचाच होतो. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग वासरू काय पितं?"

इतकी वर्षे शिकवते आहे, पण काही प्रश्नांची उत्तरे उभ्या उभ्या देता येत नाहीत. "सांगेन कधीतरी" म्हणून मी वेळ मारून नेली. आज ते सांगते.

माझ्या आजोबांची, म्हणजे आबांची, पाच बिघे जमीन होती. देवास आणि इंदूर यांच्या मध्ये, आग्रा रस्त्यापासून दोन कोस आत. वडील देवासला नोकरीला होते, त्यामुळे आम्ही भावंडे शहरात वाढलो. वार्षिक परीक्षा आटोपली की दुसऱ्याच दिवशी शेतावर. पाच बिघ्यांत कोणी श्रीमंत होत नाही. पण गोठा भरलेला होता. दोन बैल, चांदी नावाची मालवी गाय, एक म्हैस, चार-पाच शेळ्या आणि आजीच्या कोंबड्या. बैलांची नावे आबांनी काही वेगळीच ठेवली होती. मी शाळेत प्रेमचंदांची दोन बैलांची कथा वाचून आले आणि त्यांना हीरा-मोती म्हणू लागले. महिन्याभरात आबाही तसेच हाक मारू लागले.

माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि शेतावर मालवी. एकाच वासराला मी तीन नावांनी ओळखत होते. आजीपुढे ते वासरू, वहीत बछड़ा आणि गोठ्यात केडी. जनावरांना मात्र फक्त मालवी कळते अशी माझी पक्की समजूत होती, कारण मराठीत हाक मारली की चांदी मान वळवत नसे.

मालव्यातला सुरुवातीचा उन्हाळा ज्यांनी शेतावर काढला आहे, त्यांना तो वर्षातला सर्वांत सुखाचा काळ वाटतो. गहू घरात आलेला असतो. खळ्यावर भुशाचा ढीग लागलेला असतो. तो खोलीत भरायचे काम आम्हा मुलांकडे असे. पोत्यात भरायचा, खोलीत रिकामा करायचा आणि पायांनी तुडवायचा, म्हणजे जास्त मावतो. संध्याकाळपर्यंत अंगभर खाज सुटे आणि मग विहिरीवर आंघोळ. वर्षभराची वैरण आत गेली की आबा दार लावून कडी घालत आणि म्हणत, "आता पाऊस उशिरा आला तरी चालेल." बँकेत पैसे असलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो, ते मी तेव्हा पाहिले.

बरसीमच्या शेवटच्या कापण्या याच दिवसांत होत. हिरव्या चाऱ्याचा भारा आला की सगळी दावण उभी राही. दुपारी म्हशीला हौदाजवळच्या चिखलात सोडायचे. ती डोळे मिटून बसे, तिला तासाभराने उठवणे हे मोठे कष्टाचे काम. शेळ्यांना बाभळीच्या शेंगा वेचून आणायच्या. शेळीची पिल्ले जन्मल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच चारही पाय एकदम उचलून उड्या मारतात, ते बघण्यासारखे दुसरे करमणुकीचे साधन मला आजही माहीत नाही. एखादी खुडूक कोंबडी टोपलीत अंड्यांवर बसवलेली असे. आजी भिंतीवर कोळशाने रेघा ओढी. एकवीस रेघा झाल्या की टोपलीतून आवाज.

आणि रात्री! दिवसा कितीही तापले तरी मालव्याची रात्र गार होते. माणसांच्या खाटा अंगणात, जनावरे कडुनिंबाखाली. झोप लागेपर्यंत रवंथाचा आवाज आणि मधूनच गळ्यातली घंटा. मला शहरात परतल्यावर आठ-आठ दिवस झोप येत नसे, कारण आवाज नसे.

आता 1981 च्या उन्हाळ्याविषयी. मी दहा वर्षांची होते. चांदी गाभण होती आणि दिवस भरत आले होते. अक्षय्य तृतीया जवळ आली होती. आजीचे चैत्रगौरीचे हळदीकुंकू राहिले होते, आणि देवासहून नात्यातल्या बायका यायच्या होत्या. चांदी वेळेवर व्याली तर खरवस होईल, असे आजी म्हणाली होती. एवढे कानावर पडल्यावर मी माझ्या दोन मैत्रिणींनाही परस्पर आमंत्रण देऊन ठेवले. "आमच्याकडे खरवस आहे," असे मी गाय व्यायच्या आधीच सांगून बसले.

चांदी हळदीकुंकवाच्या आदल्या दुपारी व्याली. कालवड झाली. पांढरीशुभ्र, कपाळावर फिकट राखी ठिपका. चांदीने तिला चाटून कोरडी केली. अर्ध्या तासात ती लटपटत उभी राहिली आणि आईच्या पोटाखाली तोंड घालू लागली. तेव्हा तिला ओढून वेगळे बांधले. त्या काळी गावात सगळीकडे हीच रीत होती. वार पडल्याशिवाय वासराला पाजायचे नाही. आधी पाजले तर वार आत अडकते, असे सगळे मानत. आबाही मानत.

वार काही पडेना. संध्याकाळ झाली, जेवणे झाली. कालवडीला बोटाने गुळाचे पाणी चाटवले. ती ओरडत होती आणि चांदी उत्तर देत होती. मी खाटेवर पडून ऐकत होते. एकदा मी आबांना विचारले, "तिला भूक लागली असेल ना?" आबा म्हणाले, "सकाळी पिईल. एका रात्रीने काही होत नाही." त्यांना तसेच वाटत होते, हे मला आजही खात्रीने सांगता येते. जनावरावर त्यांचा जीव होता.

पहाटे वार पडली. लगेच धार काढायला बसले, कारण दुपारी पाहुणे यायचे होते. पितळी चरवी चिकाने भरली. कालवडीला सोडले तेव्हा सडांत फारसे उरले नव्हते. एरवी आजीचा नियम कडक होता. दोन सड वासराचे आणि दोन आपले. त्या दिवशी तो मोडला. त्याचे कारण हळदीकुंकू होते, आणि थोडे कारण मीही होते. चरवी पाहून मी टाळ्या वाजवल्या होत्या.

खरवस सुरेख झाला. पहिल्या दिवसाचा चीक फार दाट असतो. तो नुसता वाफवला तर रबरासारखा होतो, म्हणून त्यात म्हशीचे दूध घालून, गूळ विरघळवून, केशर आणि वेलची लावून आजीने तो पातेल्यात पातेले ठेवून वाफवला. मी तीन वड्या खाल्ल्या. मैत्रिणींपुढे माझी मान ताठ झाली.

चौथ्या दिवशी कालवडीला पांढरी हगवण लागली. सहाव्या दिवशी ती गेली.

मालवी गाय वासरू पुढे असल्याशिवाय सहजी पान्हा सोडत नाही. चांदी दोन दिवस दाव्याभोवती फिरून हंबरत राहिली. गावातल्या लोकांनी सांगितले, कातड्यात भुसा भरून पुढे ठेवा, दूध देईल. तशी रीत होती, अनेक ठिकाणी असे. आबांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "एकदा फसवलं, तेवढं पुरे." त्या वर्षी चांदीचे दूध तिथेच आटले. घरात कोणी कोणाला दोष दिला नाही. पण आजीने त्यानंतर हळदीकुंकवाला खरवस कधी केला नाही, आणि कोणी कारण विचारले नाही.

मुलगी गेली ती नेमकी कशाने, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. 1999 साली आमच्या विद्यार्थ्यांचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर एका खेड्यात होते. तिथे पशुवैद्यक डॉक्टरांचे व्याख्यान ठेवले होते. मी मागे बसून हजेरीचे कागद बघत होते. डॉक्टर म्हणाले, माणसाचे मूल पोटात असतानाच आईकडून रोगांशी लढायची बरीचशी ताकद घेऊन येते. गाईच्या वासराचे तसे नसते. गाईची वारच अशी असते की ती ताकद तिच्यातून पलीकडे जात नाही. वासरू जवळजवळ रिकाम्या हाताने जन्मते. ती सगळी ताकद चिकात असते. आणि ती आतड्यांतून रक्तात शिरण्याची वाट फक्त थोडा वेळ उघडी असते. पहिल्या काही तासांत चांगली, मग कमी कमी होत साधारण एका दिवसात बंद. म्हणून जन्मल्यापासून तासा-दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे, आणि पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. वीस किलोच्या वासराला दोन लिटर.

मग कोणीतरी वार अडकण्याची शंका काढली. डॉक्टर म्हणाले, उलट आहे. वासरू ओढू लागले की गाईच्या शरीरात जो स्राव सुटतो, त्याने दूध उतरते आणि गर्भाशयही आकुंचन पावते. वार पडायला मदतच होते.

मी कागद बाजूला ठेवले. अठरा वर्षांपूर्वीची ती रात्र माझ्यापुढे उभी राहिली. दुपारपासून पहाटेपर्यंत किती तास होतात, ते मी बोटांवर मोजले. आबा तोवर हयात नव्हते. असते तर मी त्यांना सांगितले असते की नाही, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

आता शेत माझा धाकटा भाऊ बघतो. पाच बिघ्यांचे तीन उरले आहेत. बैल गेले, ट्रॅक्टर भाड्याने येतो. पण गोठा रिकामा ठेवायचा नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले होते. आगरकडून आणलेली गौरी नावाची मालवी गाय आहे. ही जात बैलांसाठी नावाजलेली, दूध बेताचे. भावाला लोक सांगतात, जर्सी घ्या. तो म्हणतो, हिला आमचे ऊन सोसते. दोन शेळ्या आहेत, कोंबड्या आहेत, आणि काकी आहेत. काकी आमच्या शेतावर सून म्हणून आल्या तेव्हा मी लहान होते. आता त्यांनी सत्तरी गाठली आहे. 1981 साली चांदीची कालवड वेगळी बांधणाऱ्यांत त्याही होत्या.

2022 च्या पावसाळ्यात लम्पीची साथ आली, तेव्हा आम्ही फार धास्तावलो होतो. लस टोचून घेतली, गोठ्यात धूर केला, गौरी वाचली. त्यामुळे 2023 च्या एप्रिलमध्ये तिचे दिवस भरले तेव्हा मी शनिवार-रविवार जोडून शेतावर जाऊन बसले. काकींचे जनावराचे ज्ञान पुस्तकातले नाही, पण पक्के आहे. त्यांनी गौरीच्या शेपटीच्या मुळाशी हात फिरवला, हाडे सुटून खळगे पडलेले पाहिले, कास चाचपली आणि म्हणाल्या, "आज रात्री." रात्री अकराला पुढचे दोन खूर दिसले आणि त्यांवर ठेवलेले नाक. सगळे सरळ होते. कालवड झाली.

भावाने नाळ दोन बोटे ठेवून कापली, आयोडीन लावले. गौरी चाटू लागली. कालवड उठायची धडपड करू लागली आणि काकी दोरी घेऊन पुढे आल्या. "आधी जेर पडू दे, ताई."

मी म्हणाले, "काकी, आज नको."

काकी थांबल्या. म्हणाल्या, "माझ्या सासूने शिकवलं, तिला तिच्या सासूने. त्या सगळ्या खोट्या?"

शाळेत मी रोज दहा गोष्टी ठासून सांगते. तिथे मला शब्द सापडेना. सत्तर वर्षांच्या बाईला गोठ्यात अज्ञानी कसे म्हणायचे? आणि त्या अज्ञानी नव्हत्याच. थोड्या वेळापूर्वी त्यांनीच तर रात्र ओळखली होती. शेवटी मी एवढेच म्हणाले, "काकी, चांदीची कालवड आठवते?"

त्यांनी दोरी खाली ठेवली. बोलल्या काही नाहीत. मग स्वतःच खाली बसल्या, कालवडीला मांडीचा आधार दिला, सड हातात धरून पहिली चिकटलेली धार जमिनीवर सोडली आणि तिचे तोंड लावून दिले. दोन-चार वेळा चुकली. मग लागली. शेपूट हलू लागली. ज्यांनी वासरू पिताना शेपूट हलवते ते पाहिले आहे, त्यांना मी काय पाहिले ते सांगावे लागणार नाही.

वार पडेपर्यंत आम्ही तिघे जागे होतो. पहाटे तीनच्या सुमारास ती पडली. काकींनी ती खड्ड्यात पुरली, हात धुतले आणि म्हणाल्या, "पडली की." मग थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत, "नातसुनेला ज्येष्ठात दिवस भरतात. आमच्यात तीन दिवस पाजत नाहीत. मध चाटवतात."

मी त्यांना सांगितले की माणसाच्या बाळालाही जन्मल्यावर तासाभरात आईचे दूध द्यावे, पहिले दूध पिळून टाकू नये, मध-पाणी काही देऊ नये. दवाखान्यातली नर्सही हेच सांगेल. त्यांनी मान हलवली. हो म्हणाल्या की नाही, ते अंधारात कळले नाही. ज्येष्ठात भावाचा फोन आला. काकींना पणतू झाला. बाळाच्या आईजवळ काकी स्वतः बसल्या होत्या आणि मधाची वाटी त्यांनी कोणाला खोलीत आणू दिली नाही.

त्या एप्रिलमध्ये खरवसही झाला. दोन दिवस कालवड पोटभर प्यायली. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःहून तोंड बाजूला केले, तेव्हा भावाने दोन सडांची धार काढली. जेमतेम एक लोटा. त्याचा छोट्या वाटीएवढा एकेक तुकडा सर्वांच्या वाट्याला आला. तिसऱ्या दिवसाचा चीक पातळ असतो, त्यामुळे वडी नीट कापताही येत नव्हती. बेचाळीस वर्षांनी मी खरा खरवस खाल्ला. आजीच्या खरवसासारखा तो नव्हता, पण घशाखाली सरळ उतरला.

त्या सातवीतल्या मुलीला म्हणून माझे उत्तर असे आहे. बाळ, चीक वासराचाच असतो. त्याचे पोट भरल्यावर जे उरते, त्याचा खरवस होतो. कधी भरपूर उरते, कधी वाटीभर, कधी काहीच नाही. काहीच उरले नाही तर तुझ्या मैत्रिणीच्या आईसारखा डब्यातल्या दुधाचा करावा, तोही छान लागतो.

पालकांना एक विनंती. सुट्टीत मुलांना थंड हवेच्या ठिकाणी न्यायचे असेल तर अवश्य न्या; पण ज्यांचे कोणी नातेवाईक, ओळखीचे अजून गाई-शेळ्या राखून आहेत, त्यांच्याकडे दोन दिवस तरी पाठवा. मुलांना शेण काढू द्या, भुसा भरू द्या, पाणी पाजू द्या. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी दारासमोर पाण्याची एक कुंडी ठेवावी आणि ती रोज भरण्याचे काम मुलांवर सोपवावे. कुंडी कोरडी पडली की दुपारी कोण येऊन रिकाम्या हाताने परत जाते, ते मुले आपोआप बघतील.

गौरीची कालवड आता मोठी झाली आहे. भावाने तिचे नाव चांदी ठेवले. मी मराठीत हाक मारली तरी ती मान वळवते.